दशमीची ओहोटी : मुलाबाळांसकट शापोऱ्यात गरवायला जायचं तर

माझा भाचा बोटीवर कामाला आहे. गोव्यात एवढं सांगितलं की पुढे कुणी काही विचारत नाही. उन्हाळ्यात त्याची बोट अलास्काला जाते, आणि तिथल्या केचिकान नावाच्या बंदरातून त्याने एक व्हिडिओ पाठवला होता. रबराच्या फुगवलेल्या तराफ्यावर आई, बाप, दोन पोरं आणि एक म्हातारा नदीच्या ओघाबरोबर खाली वाहत चाललेत. चार-पाच दिवस तसेच जायचं, काठावर तंबू ठोकायचा, सामन मासा गरवायचा, म्हणजे गरीने (गळाने) धरायचा, भाजायचा, अस्वलाला वास लागू नये म्हणून जेवणखाण तंबूपासून लांब ठेवायचं. माझ्या नातवाने तो व्हिडिओ अकरा वेळा पाहिला आणि म्हणाला, "आजी, आपल्याकडे नदी नाही का?"

नदी आहे की. शापोऱ्याच्या काठावर माझा जन्म गेला, म्हणजे लग्नापर्यंतचा. सामन मात्र आपल्याकडे नाही. बाजारात 'इंडियन सामन' म्हणून जो विकतात तो रावस. चवीला चांगला, पण त्याचं आणि अलास्कातल्या सामनाचं काही नातं नाही. त्या सामनाची गोष्ट आपल्या चणक माशाच्या बरोब्बर उलटी आहे. सामन गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा नदी चढून वर येतो. नदीत शिरल्यावर तो खाणंच सोडतो, आणि तिथल्या पाचही जातींचे सामन अंडी घालून झाली की मरतात. आपला चणक खाडीत, नदीत, मानशीच्या (बांधातल्या लाकडी दाराच्या) आतल्या पाण्यात वाढतो आणि अंडी घालायला खाली मुखाकडे जातो. शिवाय हा मासा आयुष्याच्या सुरुवातीला नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. हे मी जावयाला सांगितलं तेव्हा त्याला वाटलं, सासूबाई थट्टा करतायत.

तर तराफा नाही, तंबू नाही, सामन नाही. पण एक दिवस, एक होडी, सात माणसं आणि पाण्यानेच नेऊन पाण्यानेच परत आणायचं, एवढं जमतं. गेली चार वर्षं आम्ही हे करतोय. मी म्हापशात कपडे शिवते, मासेमारी हा माझा धंदा नाही. जे कळतं ते वडिलांकडून कळलं आणि उरलेलं चुकून कळलं.

सगळ्यात आधी तिथी. होडी कुठली, गरी कुठली, हे नंतर. लोक रविवार बघून निघतात आणि मग ओहोटीच्या विरुद्ध वल्ही मारून घामाघूम होतात, पोरं रडतात, आणि म्हणतात नदीत काही मजा नाही. भरतीचा हिशेब आमच्या घरात असा होता : तिथीची पाऊणपट करा, तेवढे वाजता भरती पूर्ण. पंचमी असेल तर पावणेचार. अष्टमी असेल तर सहा. पौर्णिमा पंधरावी, म्हणजे सव्वाअकरा. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच, आणि हीच वेळ साधारण सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. मधे सहा तासांपेक्षा थोडं जास्त गेलं की ओहोटी पूर्ण. हा हिशेब नदीच्या मुखाचा. आत जाल तसा उशीर होतो, आम्ही निघतो त्या कोलवाळला मी अर्धा-पाऊण तास जास्त धरते. भांगाच्या, म्हणजे कमी चढउताराच्या दिवसांत हा पाढा तासाभराने चुकूही शकतो, म्हणून आता मी मोबाइलवर मुरगाव बंदराची वेळ काढून ताडून बघते. मुरगावचीच. पहिल्या वर्षी मुलीने मुंबईची वेळ काढली होती. मुंबईची भरती आपल्यापेक्षा उशिरा येते, त्यामुळे आम्ही धक्क्यावर पोहोचलो तेव्हा पाणी केव्हाच उतरायला लागलं होतं.

आता कुठली तिथी? आमची ठरलेली आहे, दशमी. कारण सांगते. हिवाळ्यात दुपारी एकनंतर समुद्रावरून वारा सुटतो आणि तो नदीच्या तोंडातून आत, वरच्या बाजूला वाहतो. दुपारी तुम्ही खाली येत असाल तर ओहोटी एकीकडून आणि वारा दुसरीकडून, मधे आखूड उभ्या लाटा, आणि होडी जागच्या जागी नाचते. तेव्हा दुपारचं जाणं वरच्या दिशेनेच हवं. म्हणजे सकाळी ओहोटीबरोबर खाली, दुपारी भरती आणि वारा दोन्ही पाठीशी घेऊन वर. त्यासाठी भरती सकाळी साडेसात-आठला पूर्ण व्हायला हवी. दहाची पाऊणपट साडेसात. झाली दशमी.

दुसरं कारण, अष्टमीनंतरच्या दोन-तीन दिवसांत भांग असतो, पाणी फार चढत नाही, फार उतरत नाही, ओढ कमी. अट्टल गरवणारे यावर नाक मुरडतील. त्यांना उधाण हवं असतं, कारण पाणी जोरात धावलं की चणक खायला उठतो, आणि ते खरंही आहे. पण तुमच्याबरोबर सहा वर्षांची नात आणि गुडघे धरलेली जाऊबाई असतील तर मासा थोडा कमी मिळालेला चालतो. एक बघा : दिवसातल्या दोन भरत्या सारख्या नसतात, दोन ओहोट्याही नसतात, आणि भांगात हा फरक जास्तच जाणवतो. वेळापत्रकात सकाळची ओहोटी नीट उतरणारी दिसली तरच निघा. नाहीतर तीन तास एकाच तिवराकडे बघत बसावं लागेल.

एकादशीचाही हिशेब चालला असता, सव्वाआठ. पण एकादशीला आमच्याकडे मासा घरात येत नाही. गरवून आणायचा आणि मांजराला घालायचा का?

महिने म्हणाल तर तुळशीचं लग्न लागलं की फेब्रुवारी संपेपर्यंत. त्याआधी नदीत पावसाचं गढूळ पाणी आणि ओढ असते, मार्चनंतर ऊन सोसवत नाही. पावसाळ्यात कुणी कितीही सांगितलं तरी कुटुंब घेऊन जाऊ नका. चोवीस जूनला शिवोलीला सांजावाच्या सजवलेल्या होड्या बघा, तेवढं पुरे. पहिल्या पावसात ओहळांतून जे चढणीचे मासे वर शेतात येतात, ते आपले खरे सामन म्हणायचे. पोटात गच्च अंडी घेऊन पाण्याच्या उलट उड्या मारत जातात. लहानपणी आम्ही ते टोपलीने धरायचो. आता धरत नाही. आणि धरणाऱ्याला ऐकवल्याशिवाय राहतही नाही, त्यामुळे माहेरी, तुयेत, माझी ख्याती फारशी चांगली नाही.

वाट अशी. कोलवाळच्या पुलाखालून निघायचं, तुये-कामुर्ली फेरीच्या धक्क्यापर्यंत जायचं, तिथे जेवायचं, आणि त्याच वाटेने परत. गाडी कोलवाळलाच राहते, दुसऱ्या टोकाला गाडी पाठवायची कटकट नाही. अलास्कात म्हणे याच कटकटीसाठी लहान विमानं भाड्याने घ्यावी लागतात. चोपडे-शिवोलीच्या पुलापलीकडे मुलांना नेऊ नका. तिथून पात्र रुंदावतं, वारा लागतो, मोठ्या होड्या धावतात, आणि मुखाशी वाळूचा बांध आहे, त्यावर लाट फुटते. मोरजीच्या तेंबावर ऑलिव्ह रिडले कासवं नोव्हेंबरपासून अंडी घालायला येतात, तीही जागा आपल्या गोंधळाची नाही.

होडी उलांडीची घ्या. बाजूला लाकडाचा आडवा आधार असला की नातू उठून उभा राहिला तरी होडी कलत नाही, आणि नातू उठून उभा राहणारच. होडीबरोबर होडीवाला घ्या. स्वतः वल्हवायची हौस जावयाला होती, ती पहिल्या वळणावर संपली. आमच्या होडीवाल्याला सगळा वाडा दादा म्हणतो, मीही म्हणते, जरी तो माझ्यापेक्षा लहान आहे. भाव आदल्या दिवशी ठरवा, आणि तासावर नाही, दिवसावर ठरवा. तासावर ठरवलं की आपलं लक्ष पाण्याऐवजी घड्याळात राहतं. मी एकदा घाई केली तेव्हा दादा म्हणाला, "पाण्याक घाय ना, तुमकां कित्याक?"

लाइफ जॅकेट प्रत्येकाला, मोठ्यांनाही, आणि होडीत पाय ठेवायच्या आधी. मुलांना मुलांच्या मापाचं हवं. मोठ्याचं जॅकेट लहान मुलाला घातलं तर पाण्यात मूल खाली सरकतं आणि जॅकेट तेवढं वर राहतं. हे मी शिवणकामाच्या डोळ्याने सांगते, माप चुकलं की कपडा फक्त वाईट दिसतो, इथे तसं नाही. पायांच्या मधून जाणारा पट्टा नसेल तर मी निवारीचा शिवून लावते.

आता गरवायचं सामान. रॉड-रिळाचं दुकान उघडायची गरज नाही. आम्ही हातानेच गरवतो. प्लॅस्टिकच्या रिकाम्या रिळावर तंगूस (नायलॉनचा दोरा) गुंडाळलेला, टोकाला शिसं आणि गरी. काळुंदरासाठी बारीक तंगूस आणि करंगळीच्या नखाएवढी गरी. चणक किंवा तांबोशीसाठी जाड तंगूस, आणि गरीच्या लगेच वरचा हातभर तुकडा त्याहून दुप्पट जाड, कारण चणकाच्या कल्ल्याचं झाकण सुरीसारखं असतं, बारीक दोरा एका झटक्यात कापतं. गाठ एकच शिका. तंगूस गरीच्या डोळ्यातून ओवा, टोक मूळ दोऱ्याभोवती पाच वेळा फिरवा, ते टोक परत गरीजवळ राहिलेल्या फासातून काढा आणि थुंकी लावून ओला करून मग ओढा. कोरडा ओढला तर तंगूस घासून तापतो आणि गाठ तिथेच कच्ची राहते. पस्तीस वर्षं दोऱ्याशी खेळतेय, पण हे मला वडिलांनी दोनदा सांगावं लागलं होतं.

आमिष म्हणून जिवंत सुंगटं, म्हणजे कोळंबी. आदल्या संध्याकाळी दादाकडून घेते, बादलीत नदीचंच पाणी, आणि ते दर अर्ध्या तासाने बदलायचं. नळाचं पाणी घातलंत तर सकाळी मेलेली सुंगटं मिळतील, त्यांची आमटी करा. गरी शेपटीच्या पेराजवळून आरपार काढली की सुंगट पाण्यात बराच वेळ पाय मारत राहतं. काळुंदराला सुंगट लागतच नाही. कणीक मळून त्यात थोडी हळद घालते, वाटाण्याएवढी गोळी. हळदीने मासा येतो की नाही देव जाणे, पण गोळी पोरांना पाण्यात दिसते आणि ती गप्प बसतात.

सकाळी आठला धुकं असतं. पुलाच्या खांबांभोवती पाणी गरगरतं, तिथे रेंगाळू नका, मधल्या धारेत या आणि वल्ही उचलून ठेवा. पहिला अर्धा तास कुणीही गरी टाकायची नाही, हा आमचा नियम. होडी आपली आपण चालते, धारगळच्या बाजूचे माड मागे सरकतात, शेवटे मासे पाण्याबाहेर उडतात, एखादा खंड्या तिवराच्या फांदीवरून सूर मारतो. एकदा चिखलाच्या काठावर पाणमांजरांचं पूर्ण कुटुंब दिसलं, पाच होती. ती आमच्याकडे आणि आम्ही त्यांच्याकडे बघत राहिलो, आणि नात एवढ्या मोठ्याने ओरडली की पुढच्या क्षणी चिखलावर नुसत्या खुणा राहिल्या.

चणक कुठे असतो? ओहोटीत खाजनांतून, म्हणजे बांध घातलेल्या खाऱ्या शेतजमिनींतून, आणि लहान ओहळांतून पाणी नदीत परत येतं, त्याबरोबर सुंगटं आणि बारीक मासळी येते. ओहळाच्या तोंडाशी, धार आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासतं त्या रेषेत चणक तोंड वर करून थांबलेला असतो. होडी ओहळाच्या तोंडापासून दहा-बारा हात वर नांगरा आणि सुंगट धारेबरोबर खाली सोडा. नांगर आवाज न करता सोडायचा, आपटायचा नाही. तांबोशी हवी असेल तर कांदळाच्या मुळांना लागून टाका, पण ती गरी घेऊन मुळांत शिरते आणि तुमचं सगळं सामान तिथेच राहतं.

मानशीपाशी मात्र गरवू नका. खाजनाच्या बांधातलं हे लाकडी दार. भरतीत पाण्याच्या रेट्याने बंद होतं, ओहोटीत आपोआप उघडतं, आणि उघडलं की मासा तिथे गोळा होतो हे आंधळ्यालाही दिसतं. पण मानशीवरच्या मासळीचा हक्क दरवर्षी लिलावात जातो, कुणीतरी पैसे भरलेले असतात. तिथे गरी टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या परसातल्या माडावर चढणं. लांबून बघा, मुलांना दार कसं चालतं ते दाखवा. जावई इंजिनियर आहे, तो अर्धा तास तिथेच अडकला होता.

चणक लागला की ओढून घेऊ नका, दोरा हातातून सुटू द्या आणि मग ताण धरा. तो पाण्याबाहेर उडी मारून डोकं झाडतो, तेव्हा दोरा सैल पडला तर गरी उडून तोंडावर येते. हाताला जुना सुती पंचा गुंडाळा, तंगूस कातडी कापतो. होडीत घेताना कल्ल्यात बोटं घालायची नाहीत. खालचा ओठ अंगठ्याने धरायचा, किंवा सरळ जाळीत घ्यायचा. हातभराहून लहान असेल तर परत सोडतो. फार मोठा असेल तर तोही सोडावा असं माझं मत, कारण मोठा म्हणजे मादी. यावरून माझं आणि ह्यांचं दरवर्षी भांडण होतं. आतापर्यंत एवढा मोठा लागलेलाच नाही, त्यामुळे भांडण तत्त्वाचं आहे.

पोरांना काळुंदर द्या. चणकाची वाट बघण्याचा धीर त्यांच्यात नसतो. बांधाच्या जांभ्या दगडांना लागून, पाणी जवळजवळ थांबलेलं असतं तिथे, बुचाचा बोया लावून गोळी तळापासून वीतभर वर ठेवायची. बोया आधी थरथरतो, मग तिरका होऊन चालायला लागतो, तेव्हा मनगट हलवायचं. एक मात्र सांगून ठेवा. दगडांजवळ दोन काळुंदर आणि त्यांच्यामधे मोहरीएवढ्या पिलांचा ढग दिसला तर गरी उचलायची. या माशात आई आणि बाप दोघंही पिलं राखतात. नातवाने हे ऐकून बोया स्वतः उचलला आणि मग दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्या होड्यांना ओरडून सांगत होता.

कुर्ल्यांसाठी जाळी लावलेलं लोखंडी कडं मिळतं. मधे शिंगाळ्याचं डोकं बांधा, तळाला सोडा, दहा मिनिटांनी एका दमात वर ओढा. नांग्या बांधायचं काम होडीवाल्याचं.

आता आमची फजिती. दुसऱ्या वर्षी कामुर्लीच्या बाजूला एका बारक्या ओहळात काळुंदर उसळताना दिसले. त्या दिवशी दादा नव्हता, त्याचा मुलगा होता, कोवळा पोरगा. मीच त्याला म्हटलं, घाल आत. पाणी तेव्हा गुडघाभर असेल. आम्ही अर्धा तास मजेत गरवलं, चार काळुंदर मिळाले, आणि मग होडी हलेना. खाली चिखल, मागे चिखल, पुढे तिवराची बोटाएवढी वर आलेली मुळं. जावई ढकलायला उतरला तो मांडीपर्यंत आत गेला आणि त्याची चप्पल अजून तिथेच आहे. दोन तास पन्नास मिनिटं आम्ही सात माणसं त्या ओहळात बसलो. जाऊबाईंनी रामरक्षा म्हटली, मग अथर्वशीर्ष, मग मला शिव्या. तेव्हापासूनचा नियम : ओहळात शिरायचं ते पाणी चढत असताना. उतरत्या पाण्यात तोंडाशीच थांबायचं, आत कितीही मासा उसळो. आणि चढतंय की उतरतंय हे कळत नसेल तर काठावरच्या मुळांकडे बघा. पाण्याच्या वर ओली, काळी पट्टी दिसली तर उतरतंय. पाणी कोरड्या सालीला लागलेलं असेल तर चढतंय.

भीती दाखवायची नाही, पण काही गोष्टी सांगायलाच हव्यात. शिंगाळा गरीला लागला की त्याला हात लावू नका. पाठीवर आणि दोन बाजूंना विषारी काटा असतो. लागलाच तर सोसवेल एवढ्या गरम पाण्यात हात तासभर बुडवून ठेवायचा, त्याने कळ उतरते, म्हणून मी एक थर्मास चहाचा आणि एक नुसत्या गरम पाण्याचा नेते. पाणी आधी मनगटावर ओतून बघा, दुखणाऱ्या हाताला भाजल्याचं कळत नाही. सूज चढायला लागली किंवा काटा आत मोडला तर 108ला फोन करा. गेव्याची फांदी मोडू नका, तिचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर डोळा जातो म्हणतात, निदान फार भाजतो हे नक्की. दगडांवर कालवं असतात, अनवाणी उतरलात तर तळवा फाटतो. जुने कॅनव्हासचे बूट घाला. आणि पाणी उथळ दिसतं म्हणून मुलांना पात्रात उतरवू नका. जिथे रेती काढलेली असते तिथे गुडघाभर पाण्यापुढे एकदम पुरुषभर खड्डा असतो, वरून काही दिसत नाही.

मगरींचं सगळे विचारतात. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे, आणि दुर्भाटकडचे लोक पौष अमावास्येला चिखलाची मगर करून तिची पूजाही करतात, मानगे थापणी म्हणतात. म्हणून त्या कालव्यात मी कुटुंब नेत नाही. शापोऱ्यात मला कधी दिसली नाही. तरीही होडीबाहेर हातपाय सोडून बसायचं नाही आणि मासे पाण्याच्या काठावर साफ करायचे नाहीत, हे दोन्ही आम्ही पाळतो.

साडेअकराच्या सुमारास तुयेला. ओहोटीत काठावर सगळीकडे चिखल असतो, म्हणून फेरीच्या उतारावरच लागायचं. तो काँक्रीटचा उतार पाणी कितीही खाली गेलं तरी पाण्यापर्यंत पोहोचतो. फेरीबोट येत असेल तर आधी तिला वाट द्या. बायकांनी आणि मुलांनी लघवीला जायचं कुठे, हा प्रश्न पुरुष मंडळी योजना करताना विसरतात. आमच्यासाठी उत्तर म्हणजे भावाचं घर, धक्क्यापासून चालत. तुमचं कुणी तिथे नसेल तर आदल्या दिवशी होडीवाल्याच्या घरी विचारून ठेवा. साडेतीन तासांपेक्षा जास्त लांबीचा टप्पा मधे ठेवूच नका.

जेवण मासा मिळेल या भरवशावर आखू नका. वहिनी भात, आमटी आणि सोलकढी तयार ठेवते, आणि मी पोई आणि सुक्या सुंगटांची किसमूर नेते. काळुंदर मिळाले तर खवलं काढून, हळद, मीठ, मिरची, आमसुलाचं पाणी लावून रव्यात घोळवून तव्यावर. मोठा असेल तर पोटात रेशाद मसाला. आम्ही एका वर्षी दगडांच्या चुलीवर नारळाची सोडणं पेटवून बाहेर भाजायचा प्रयत्न केला, अलास्कासारखं. वरून ब्राह्मणी घार आली आणि केळीच्या पानासकट एक काळुंदर घेऊन गेली. भाच्याला कळवलं, तर म्हणाला, आत्या, तुमचं अस्वल उडतं.

दुपारी झोपा. खरंच झोपा, ओटीवर. दोन-अडीचला पाणी थांबतं, तीनला चढायला लागतं आणि तोवर वाराही सुटलेला असतो. परतीला गरवायचं मनात नसेल तर वल्हंही मारावं लागत नाही. उन्हासाठी मी तिसऱ्या वर्षी जुन्या चादरींचं छत शिवलं होतं, चार बांबूंवर. शिवण उत्तम होती. वाऱ्याने ते फुगलं आणि होडीला शीड लागलं, आम्ही सरळ कांदळात. दादाने एक शब्द न बोलता कोयत्याने दोऱ्या तोडल्या. तेव्हापासून रुंद काठाच्या टोप्या आणि पूर्ण बाह्यांचे सदरे, छत नाही.

पाचच्या आत कोलवाळला लागायचं. अंधार पडल्यावर खांब दिसत नाहीत, आणि दमलेली मुलं उतरताना पडतात. होडीतून उतरताना तंगुसाचे तुकडे वेचून खिशात घाला, एकही पाण्यात नको. पाणमांजराच्या आणि बगळ्याच्या पायात ते अडकतात. घरी गेल्यावर गऱ्या गोड्या पाण्यात धुऊन, पुसून, खोबरेलाचं बोट फिरवून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी गंजाची पुडी निघेल.

गेल्या खेपेला मिळालेलं : काळुंदर सात, कुर्ल्या तीन, एक चणक दीड किलोचा, जो नातीच्या हाताला लागला आणि ह्यांनी ओढला, आणि तो कुणाचा यावर अजून निकाल नाही. काल कालनिर्णय काढून पुढची दशमी बघितली. गुरुवारी आहे. गुरुवारी आमच्याकडे मासे चालत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, म्हणजे दुकान बंद ठेवता येत नाही. त्यापुढच्या दशमीला दादाच्या मुलाचं लग्न आहे. नवमीला किती वाजता भरती ते आता नातू बोटांवर मोजतोय.